रुग्णालयाची फरशी : कोकणातील एका नूतनीकरणाच्या नोंदी

६ नोव्हेंबर २०२३

रत्नागिरी जिल्ह्यातील पन्नास खाटांच्या एका धर्मादाय रुग्णालयाच्या नूतनीकरणाचे काम आमच्या कार्यालयाकडे आले असून त्यातील फरशीच्या कामाची जबाबदारी माझ्याकडे आहे. पुढचा पाऊस सुरू होण्यापूर्वी काम संपले पाहिजे आणि या काळात रुग्णालय एक दिवसही पूर्ण बंद राहता कामा नये, अशा दोन अटी विश्वस्तांनी पहिल्याच भेटीत घातल्या. आज सकाळपासून दुपारपर्यंत मी तळमजला आणि पहिला मजला खोली-खोलीने फिरून पाहिला.

तळमजल्याच्या भिंती जांभ्याच्या आहेत आणि पहिला मजला नंतर चढवलेला आहे. वॉर्डांमध्ये मोझॅकच्या लाद्या आहेत, व्हरांड्यात घोटून चकचकीत केलेली कोटा फरशी आहे आणि तळमजल्यावरच्या ऑपरेशन थिएटरमध्ये पांढऱ्या सिरॅमिक टाइल्स आहेत. टाइल्स अजून पांढऱ्या आहेत, परंतु त्यांच्यामधले सांधे काळे पडले आहेत. शेजारच्या लहान थिएटरमध्ये काही वर्षांपूर्वी व्हिनाइल, म्हणजे रोलमध्ये येणारी प्लास्टिकची फरशी, अंथरले होते. दुसऱ्याच पावसाळ्यात त्याला फुगे आले आणि ते काढून टाकावे लागले. औषधांच्या एका जड कपाटाखाली त्याचा हातभर तुकडा राहिला आहे. तो उचलून पाहिला तेव्हा खालच्या चिकटद्रव्याचा पिवळसर, ओला लगदा झालेला दिसला आणि त्याला आंबूस वास होता. ‘व्हिनाइल कोकणात टिकत नाही’ असा निष्कर्ष इथे सर्वांनी काढलेला आहे. त्या व्हिनाइलच्या खाली काय होते हे कळल्याशिवाय मी तो निष्कर्ष मान्य करणार नाही.

९ नोव्हेंबर २०२३

सकाळी सहा वाजता सफाईच्या पाळीला हजर राहिले. नकाशावर फरशी निवडण्याआधी ती रोज कोण, कशाने आणि किती वेळात पुसते हे पाहण्याची सवय मी लावून घेतली आहे. वॉर्डात साबणाचे पाणी, साधे पाणी आणि जंतुनाशक अशा तीन बादल्यांची पद्धत भिंतीवर लिहून लावली आहे. प्रत्यक्षात दोन मावशींना बावीस खाटांचा वॉर्ड डॉक्टरांची फेरी सुरू होण्यापूर्वी आटोपायचा असतो, त्यामुळे तिसरी बादली कोपऱ्यात उभी राहते. रक्त सांडल्यास एक टक्का सोडियम हायपोक्लोराइट ओतून दहा मिनिटे थांबायचे असते आणि हा नियम मात्र सर्वजण पाळतात. संडासात अजून ॲसिड वापरले जाते, आणि तीच बादली, तेच फडके कधीकधी व्हरांड्यातही फिरते. कोटा हा चुनखडीचा दगड असल्यामुळे ॲसिड लागले की त्याचा पृष्ठभाग खाल्ला जातो. संडासाच्या दारापुढची फरशी अडीच-तीन हात निस्तेज आणि खरखरीत का झाली आहे, याचे उत्तर तिथे मिळाले.

सर्वांत जुन्या मावशींना मी विचारले की, नवीन फरशी करताना तुम्हाला काय हवे आहे. त्या म्हणाल्या, “फरशी पुसली की निघते हो बाई, सांधा काही निघत नाही. आणि कोपऱ्यात फडकं शिरतच नाही.” आमच्या विनिर्देशांच्या पहिल्या दोन मागण्या याच असायला हव्यात.

१७ नोव्हेंबर २०२३

दिवाळीनंतरची पहिली बैठक झाली. विश्वस्तांचा प्रस्ताव असा होता की, संपूर्ण इमारतीत एकसारख्या मोठ्या व्हिट्रिफाइड टाइल्स बसवाव्यात, कारण त्या टिकाऊ आहेत, स्थानिक गवंडी त्या बसवू शकतो आणि एखादी फुटली तर बदलता येते. तिन्ही कारणे खरी आहेत आणि मी ती बैठकीत मान्यही केली. परंतु थिएटरच्या बाबतीत मी फळ्यावर हिशेब मांडून दाखवला. सहा मीटर लांब-रुंद खोलीत २०० मिलिमीटरच्या जुन्या टाइल्सच्या सांध्यांची एकूण लांबी सुमारे ३५० मीटर भरते. ६०० मिलिमीटरच्या टाइल्स घेतल्या तरी ती १०८ मीटर राहते. दोन मीटर रुंदीचे व्हिनाइल अंथरले तर केवळ दोन जोड, म्हणजे १२ मीटर, आणि तेही त्याच पदार्थाच्या दोऱ्याने वितळवून एकजीव केलेले. सिमेंटचे ग्राउट, म्हणजे सांध्यात भरायचा मसाला, सच्छिद्र असते. त्यात शिरलेले रक्त किंवा पोव्हिडोन आयोडीन हे तपकिरी जंतुनाशक वरून कितीही पुसले तरी आत राहते. इपॉक्सी या घट्ट होणाऱ्या कृत्रिम राळेचे ग्राउट वापरल्यास हा दोष बराच कमी होतो, पण भरणाऱ्याचा हात चुकला तर टाइलच्या कडेवर त्याचा थर राहून जातो.

रुग्णालयांना गुणवत्तेची मान्यता देणाऱ्या एनएबीएच या मंडळाच्या ऑपरेशन थिएटरविषयक मार्गदर्शक सूचनांमध्ये जमीन, भिंती आणि छत सच्छिद्र नसलेले, गुळगुळीत, सांधेविरहित, काटकोनी कोपरे टाळलेले आणि वारंवार स्वच्छ करता येणारे असावे असे म्हटले आहे. हे वाक्य मी वाचून दाखवले, तेव्हा भूलतज्ज्ञ डॉक्टरांनी इपॉक्सीचे नाव सुचवले. ते ओतून केले जात असल्यामुळे त्यात जोडच नसतो, हा त्यांचा मुद्दा योग्य आहे. मात्र इपॉक्सीला खालचा थर यंत्राने घासून घ्यावा लागतो, त्याचा वास पसरतो, ते घट्ट होईपर्यंत खोली अनेक दिवस बंद राहते आणि उन्हाच्या तिरिपेत ते पिवळे पडते. शिवाय खालून ओल येत असेल, तर जे फुगे व्हिनाइलला येतात तेच त्यालाही येतात. त्यामुळे खालची ओल मोजल्याशिवाय थिएटरचा निर्णय घेऊ नये, एवढेच आज ठरले. विश्वस्तांना ही दिरंगाई वाटली आणि त्यांची घाई मला समजते. तरीही आधीचे व्हिनाइल याच घाईत गेले असावे, असे मला राहून राहून वाटते.

२८ नोव्हेंबर २०२३

थिएटर, लहान थिएटर, लेबर रूम आणि पहिल्या मजल्यावरचा नियोजित अतिदक्षता विभाग या चार ठिकाणी ओलीची चाचणी पूर्ण झाली. लाद्या आणि त्याखालचा मसाला काढून काँक्रीटच्या थरात छिद्रे पाडली. थर १०० मिलिमीटरचा आणि एकाच बाजूने वाळणारा असल्यामुळे छिद्रे ४० मिलिमीटर, म्हणजे जाडीच्या चाळीस टक्के खोलीपर्यंत घेतली, ती साफ करून बंद केली आणि चोवीस तासांनी आर्द्रतामापक आत ठेवून वाचन घेतले. पहिल्या मजल्यावर सापेक्ष आर्द्रता ६८ आणि ७१ टक्के आढळली. तळमजल्यावर मात्र ८८, ९१ आणि ९३ टक्के आढळली. व्हिनाइलच्या चिकटद्रव्यांसाठी सहसा ७५ टक्क्यांची मर्यादा धरतात, काही उत्पादने याहून थोडी जास्त ओल सहन करतात. आमचे आकडे पावसाळा उलटून दोन महिने झाल्यावरचे आहेत, म्हणजे जुलैमध्ये परिस्थिती यापेक्षा वाईट असणार हे धरून चालले पाहिजे.

उपठेकेदाराने आदल्या आठवड्यात जमिनीवर प्लास्टिकचा तुकडा चिकटवून ‘खाली घाम आला नाही, जमीन कोरडी आहे’ असा निर्वाळा दिला होता. त्या पद्धतीने केवळ पृष्ठभागाचा अंदाज येतो, आणि इथला पृष्ठभाग कोरडा असणे स्वाभाविकच आहे. चाळीस वर्षांपूर्वी इथे जांभ्याच्या दगडांचे सोलिंग (दगड रचून केलेला पाया) करून त्यावर थेट काँक्रीट टाकले गेले, मध्ये ओलप्रतिबंधक थर नाही. जमिनीतली ओल काँक्रीटमधून वर येत राहते आणि मोझॅकच्या लादीतून, तिच्या सांध्यांमधून हळूहळू उडून जाते. त्यामुळे लादी वर्षानुवर्षे कोरडी दिसते. त्याच जमिनीवर व्हिनाइलसारखा हवाबंद थर अंथरला की वरची वाट बंद होते. ओल त्याच्याखाली साठत जाते, काँक्रीटच्या पूर्ण जाडीत आर्द्रता सारखी होते, आणि काँक्रीटमधले क्षार घेऊन आलेले हे अल्कधर्मी पाणी चिकटद्रव्याचे विघटन करते. कपाटाखालचा तो आंबूस लगदा यातूनच झाला. व्हिनाइलमध्ये दोष नव्हता. त्याला ज्या जमिनीवर अंथरले, ती कोणी तपासलीच नव्हती.

लाद्या काढलेल्या ठिकाणी भिंतींचा तळही ओला दिसला. व्हिनाइल भिंतीवर चढवून काटकोनी कोपऱ्याऐवजी गोलाई करायची असेल, तर ही ओल जमिनीच्या ओलीइतकीच घातक ठरेल.

५ डिसेंबर २०२३

थिएटर पहिल्या मजल्यावर हलवण्याची शक्यता तपासली. सध्याच्या लिफ्टमध्ये खाट मावत नाही आणि नवीन लिफ्टसाठी जागा नाही. हा पर्याय सोडला.

तळमजल्याचा काँक्रीटचा थर पूर्ण खणून, खाली जाड पॉलिथिन अंथरून नवा थर टाकणे हा सर्वांत निर्दोष मार्ग आहे. परंतु नव्या काँक्रीटचे वाळण्याचे गणित फार कठोर असते. पहिल्या ५० मिलिमीटरला दिवसाला एक मिलिमीटर धरला तरी पन्नास दिवस जातात आणि त्यापुढचा वेग आणखी मंदावतो. १०० मिलिमीटरचा थर जानेवारीत टाकला तर तो पावसाच्या तोंडावरही पुरता वाळलेला नसेल. म्हणून जुना थर यंत्राने घासून, भेगा भरून, त्यावर इपॉक्सीच्या ओलरोधकाचे दोन हात आडवे-उभे द्यायचे, त्यावर सपाटीकरणाचा थर ओतायचा आणि मग व्हिनाइल, असा क्रम मी सुचवला आहे. ओलरोधक निवडताना त्याच्या उत्पादकाने ९५ टक्क्यांपुढील आर्द्रतेसाठी लेखी हमी दिलेली असणे बंधनकारक केले. भिंतींचा गिलावा ६०० मिलिमीटर उंचीपर्यंत काढून तिथे जलरोधक मिश्रणाचा गिलावा करायचा आणि जमिनीचा ओलरोधक सलगपणे त्यावर चढवायचा. जमीन आणि भिंत जिथे भेटतात तिथे खंड पडला तर बाकी सर्व खर्च व्यर्थ जातो.

१२ डिसेंबर २०२३

थिएटरची फरशी विद्युतवाहक असावी का, यावर आज भूलतज्ज्ञांशी सविस्तर चर्चा झाली. ईथर आणि सायक्लोप्रोपेन ही भुलीची द्रव्ये वापरात होती, तेव्हा कपड्यांच्या किंवा चाकांच्या घर्षणातून पडणारी एक ठिणगी स्फोटाला पुरेशी होती. त्यासाठीच विद्युतवाहक फरशी आली. तिचा विद्युतरोध २५ हजार ते १० लाख ओहम या पट्ट्यात ठेवला जाई. वरची मर्यादा स्थिर वीज जमिनीत जावी म्हणून असते आणि खालची मर्यादा सदोष यंत्राला हात लागलेल्या माणसाला जबर धक्का बसू नये म्हणून. १९५६ मध्ये हॅलोथेन वापरात आले आणि आज आयसोफ्लुरेन व सेव्होफ्लुरेन ही न पेटणारी द्रव्ये वापरली जातात, त्यामुळे मूळ कारण उरलेले नाही. डॉक्टरांनी एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. आजची खरी आगीची भीती स्पिरिटयुक्त जंतुनाशक त्वचेवर ओले असतानाच डायथर्मी (विजेच्या उष्णतेने कापण्याचे व रक्तस्राव थांबवण्याचे यंत्र) सुरू करण्यात आहे, आणि त्यावर कोणतीही फरशी उपाय ठरू शकत नाही.

तरीही थिएटरमधल्या संवेदनशील विद्युत उपकरणांसाठी तिथे विद्युतवाहक व्हिनाइल घ्यावे आणि अतिदक्षता विभागात साधे घ्यावे, असे ठरले. यातून कामात एक सूक्ष्म अट येते. खालचा इपॉक्सी थर वीज वाहू देत नाही, म्हणून वरचे व्हिनाइल जमिनीशी आपोआप जोडले जाणार नाही. त्याच्याखाली तांब्याची पट्टी, कार्बनयुक्त चिकटद्रव्य आणि पट्टीपासून अर्थिंगपर्यंत वेगळी तार द्यावी लागेल. या फरशीवर पुढे कधीही मेणाचे पॉलिश करता येणार नाही, कारण पॉलिशचा थर तिची वाहकता झाकून टाकतो. ही सूचना हस्तांतराच्या कागदपत्रांत ठळक अक्षरांत घालायची आहे.

३ ते २४ जानेवारी २०२४

नमुन्यांची चाचणी तीन आठवडे चालली. व्हिनाइलचे दोन प्रकार, इपॉक्सीचा थर दिलेली फळी, सिमेंट ग्राउट आणि इपॉक्सी ग्राउट भरलेल्या व्हिट्रिफाइड टाइल्स आणि वॉर्डातलीच घोटलेली एक मोझॅक लादी असे सहा नमुने मागच्या ओसरीत मांडले. प्रत्येकावर पोव्हिडोन आयोडीन, जेन्शियन व्हायोलेट, सिल्व्हर नायट्रेट आणि हायपोक्लोराइट यांचे ठिपके टाकले, काही तासाभराने आणि काही दुसऱ्या दिवशी पुसले. पुसण्याचे काम मावशींकडेच दिले, त्यांच्याच फडक्याने आणि त्यांच्याच साबणाने.

आयोडीनने सिमेंट ग्राउट कायमचे रंगवले. व्हिनाइलवर त्याची फिकट पिवळी झाक राहिली आणि सोडियम थायोसल्फेटच्या पाण्याने ती गेली. पॉलियुरेथेनचा संरक्षक थर असलेल्या व्हिनाइलवर तेवढीही राहिली नाही. जेन्शियन व्हायोलेट मात्र कोणालाही सोडत नाही. सिल्व्हर नायट्रेट पहिल्या दिवशी दिसत नव्हते, उजेड लागल्यावर ते काळे पडत गेले. मोझॅकने माझ्या अपेक्षेपेक्षा चांगला टिकाव धरला, मात्र ॲसिडचा एक थेंब पडला तिथला सिमेंटचा भाग ताबडतोब फेसाळला.

सर्वांत उपयोगी धडा या यादीत नव्हताच. व्हीलचेअरचे चाक आणि कुबडीचे रबरी टोक नमुन्यांवर दाबून तीन आठवडे उन्हात ठेवले होते. फिकट रंगाच्या दोन्ही व्हिनाइलवर रबराच्या खाली तपकिरी डाग उमटले आणि ते कशानेही निघाले नाहीत. हा मळ नाही. रबरातली द्रव्ये व्हिनाइलमध्ये झिरपून उजेडात रंग बदलतात, त्यामुळे डाग थराच्या आत असतो. उपाय दोनच आहेत : फार फिकट रंग घ्यायचा नाही, आणि चाकांची वाहने जिथे तासन्‌तास उभी राहतात ती जागा व्हिनाइलवर ठेवायची नाही.

२ फेब्रुवारी २०२४

एक प्रसंग नोंदवून ठेवते. ओपीडीच्या व्हरांड्यात शोभेसाठी घातलेल्या काळ्या कडप्प्याच्या पट्टीपाशी एक आजी थबकल्या, हात पुढे करून त्यांनी भिंत चाचपली आणि खड्डा ओलांडावा तसे पाऊल उचलून त्या पलीकडे गेल्या. दृष्टी मंदावलेल्या किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला फिकट जमिनीतला गडद पट्टा पोकळीसारखा दिसतो, तर चकाकणारी फरशी ओली वाटते. रुग्णांच्या जाण्या-येण्याच्या वाटेवर कुठेही गडद पट्टी, ठळक नक्षी किंवा रंगाचा अचानक बदल असणार नाही. भिंत आणि जमीन यांच्या रंगांत मात्र स्पष्ट फरक ठेवायचा, कारण खोलीची कड कुठे संपते हे डोळ्यांना त्यावरूनच कळते.

१५ फेब्रुवारी २०२४

आज मी बैठकीत वॉर्डांतल्या मोझॅक लाद्या काढू नयेत अशी शिफारस केली आणि त्यावर अपेक्षेपेक्षा जास्त वाद झाला. नूतनीकरण म्हणजे सर्व काही नवे दिसले पाहिजे, ही देणगीदारांची अपेक्षा विश्वस्तांच्या डोक्यात आहे. माझे म्हणणे असे की, या लाद्यांनी चाळीस पावसाळे काढले आहेत, खालची ओल त्या सुखरूप बाहेर जाऊ देतात, त्यांचे सांधे एखाद-दीड मिलिमीटरचे आणि लादीच्याच सिमेंटने भरलेले आहेत, आणि सर्वसाधारण वॉर्डात थिएटरसारखी सांधेविरहित जमीन लागतच नाही. फुटलेल्या लाद्या बदलून, सांधे पुन्हा भरून आणि सर्व पृष्ठभाग यंत्राने घोटून घेतला की तीच जमीन आणखी एक पिढी वापरता येईल. वाचलेला पैसा थिएटर, लेबर रूम आणि संडास या तीन ठिकाणी घालावा. रात्री वॉर्डात ट्रॉलीचा खडखडाट मोठ्या टाइल्सच्या सांध्यांवर जास्त होतो, हा मुद्दा सिस्टरांनी स्वतःहून मांडला आणि बैठक माझ्या बाजूने झुकली. मोझॅक राहणार. त्याच्यासाठी ॲसिड आणि तीव्र क्षारयुक्त साबण आजपासून बंद.

व्हरांड्याची कोटा फरशीही राहील, पण तिची आरशासारखी चकाकी घासून मंद करायची. इथले रुग्ण आणि नातेवाईक वॉर्डाबाहेर चपला काढून अनवाणी फिरतात. बुटांसाठी तेल लावलेल्या उतारावर ठरवलेली आर-९, आर-१० ही घसरणरोधाची मानांकने अनवाणी ओल्या पायाबद्दल फारसे सांगत नाहीत. त्यासाठी साबणाच्या पाण्यावर अनवाणी चालून ठरवलेली ए, बी, सी ही वेगळी प्रतवारी आहे. संडास-न्हाणीघरांसाठी सी प्रतीच्या लहान टाइल्स आणि इपॉक्सी ग्राउट, तर स्वयंपाकघरात गरम पाणी आणि ओल दोन्ही सोसणारा पॉलियुरेथेन-सिमेंटचा थर निश्चित केला.

४ मार्च २०२४

थिएटरचे काम सुरू झाले. या काळात शस्त्रक्रिया लहान थिएटरमध्ये होतील, ते नंतर हाती घेऊ. मधल्या दारावर प्लास्टिकचा दुहेरी पडदा लावून धूळ ओढणारे यंत्र घासणीलाच जोडले आहे. बांधकामाच्या धुळीबरोबर बुरशीचे बीजाणू उडतात आणि दुबळ्या रुग्णाच्या फुप्फुसाला ते जीवघेणे ठरू शकतात, म्हणून या पडद्याबाबत मी कोणतीही सवलत दिली नाही.

१३ मार्च २०२४

ओलरोधकाचे दोन्ही हात झाले. दुसरा हात वेगळ्या रंगाचा घेतला, म्हणजे राहिलेली जागा डोळ्यांना दिसते. दाराच्या चौकटीखाली तळहाताएवढी जागा राहिली होती, ती लगेच भरून घेतली. सपाटीकरणाचा थर ओतल्यावर दोन मीटरची सरळ पट्टी फिरवली आणि कुठेही तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट आढळली नाही.

१९ मार्च २०२४

व्हिनाइलचे रोल तीन दिवस थिएटरमध्येच उभे करून ठेवले होते, त्यामुळे ते खोलीच्या तापमानाला आले होते. जोडांचा नकाशा मी आधीच काढून दिला होता. शस्त्रक्रियेच्या टेबलाखाली आणि दाराच्या वाटेत एकही जोड येणार नाही, अशी त्याची रचना केली होती. चिकटद्रव्यावर व्हिनाइल बसवून ६८ किलोचा रूळ दोन्ही दिशांनी फिरवला. भिंतीवर ते १५० मिलिमीटर चढवले असून त्यामागे गोलाईची पट्टी आहे, त्यामुळे फडके जमिनीवरून भिंतीवर न अडता जाते. मावशींना बोलावून कोपरा पुसून पाहायला सांगितले. त्यांनी तो तीनदा पुसला, तिन्ही वेळा फडके उलटे करून पाहिले आणि मान डोलावली.

२१ मार्च २०२४

जोड वितळवण्याच्या कामात आज चूक सापडली आणि ती वेळीच सापडली याचे समाधान आहे. जोडावर खाच पाडून त्यात चार मिलिमीटरचा दोरा गरम हवेने वितळवून बसवतात आणि वर आलेला भाग दोन टप्प्यांत कापतात. पहिल्या टप्प्यात तो कोमट असताना खाली पातळ पट्टी ठेवून थोडा उंच कापायचा, आणि पूर्ण निवल्यावर दुसऱ्या टप्प्यात जमिनीबरोबर. दोरा निवताना आकसतो. गरम असतानाच तो एकदम सपाट कापला तर जोडाच्या लांबीभर उथळ पन्हळ तयार होते आणि ज्या सांध्याला टाळण्यासाठी हा सारा खटाटोप केला, तोच सांधा नव्या रूपाने परत येतो. शिमग्याला गावी जायचे असल्यामुळे कारागिरांनी पूर्वतयारीच्या खोलीतले दोन्ही जोड एकाच वेळी कापले होते. बोट फिरवल्यावर पन्हळ जाणवली. दोन्ही जोड पुन्हा खाचून, नव्याने वितळवून घेण्याची सूचना दिली आणि काम शिमग्यानंतर सुरू करण्यास मीच सांगितले. मनाने घरी पोहोचलेल्या माणसाकडून जोडाचे काम करून घेऊ नये.

१६ एप्रिल २०२४

लेबर रूममध्ये खोलीच्या मध्यभागी पाण्याची जाळी होती आणि रोज बादल्यांनी पाणी ओतून खोली धुतली जाई. जाळी हा जंतूंचा आणि दुर्गंधीचा स्रोत असतो, म्हणून ती बंद करण्याचे ठरले होते. सिस्टरांनी विचारले की, मग एवढे रक्त-पाणी जाणार कुठे? प्रश्न रास्त आहे. पाणी ओतून धुणे थांबवून आधी शोषक कापडाने उचलायचे, मग हायपोक्लोराइट, मग पुसणे, असा क्रम आम्ही दोन आठवडे जुन्या फरशीवरच करून पाहिला. वेळ जवळपास तेवढाच लागला, त्यानंतरच जाळी बंद केली. घाण कपडे आणि भांडी धुण्याची मोरी शेजारच्या खोलीत राहील.

२० मे २०२४

लहान थिएटर आणि अतिदक्षता विभाग पूर्ण झाले. थिएटरच्या विद्युतरोधाची मोजणी दहा ठिकाणी केली, सर्व आकडे ठरलेल्या पट्ट्यात आले. मुख्य दारापुढे खड्डा करून त्यावर लोखंडी जाळी आणि आत चार मीटर लांबीची धूळ धरणारी चटई बसवली. इथली तांबडी माती पावसाळ्यात प्रत्येक पायाबरोबर आत येते, आणि तिचे बारीक खडे व्हिनाइलला घासकागदासारखे असतात.

१८ जुलै २०२४

आठवडाभर संततधार आहे. थिएटरच्या भांडारघरात फरशीच्या कोपऱ्यात मुद्दाम ठेवलेल्या तपासणी छिद्रातून, ओलरोधकाच्या खालची आर्द्रता ९६ टक्के आली. वरचे व्हिनाइल घट्ट आहे, ठोकून पाहिले तर कुठेही पोकळ आवाज नाही. फक्त पश्चिमेच्या भिंतीवरची गोलाई हातभर लांबीत सुटली आहे. आतून कारण सापडेना म्हणून छत्री घेऊन बाहेर गेले, तर पागोळीचा पाइप त्याच जागी फुटलेला होता आणि पाणी थेट जांभ्यावर पडत होते. पाइप आजच बदलला. गोलाई लगेच चिकटवू नये, भिंत वाळू द्यावी, असे लिहून कळवले आहे.

२७ सप्टेंबर २०२४

भिंत वाळली. सुटलेला भाग काढून, खालचा गिलावा दुरुस्त करून गोलाई पुन्हा बसवली आणि तिचा जोड दोन टप्प्यांत कापला गेल्याची खात्री करून घेतली. अतिदक्षता विभागाच्या दाराशी व्हीलचेअर उभ्या राहू लागल्या होत्या आणि चाकांखाली पहिली तपकिरी छटा दिसली. त्या आता जिन्याखालच्या कोटा फरशीवर उभ्या राहतील, तसा फलक लावला आहे. हात निर्जंतुक करण्याच्या बाटल्यांखाली स्पिरिटचे थेंब पडून फरशीची चमक गेलेली आढळली, म्हणून प्रत्येक बाटलीखाली थेंब झेलणारी ताटली बसवायची आहे. मावशींनी पश्चिमेच्या भिंतीचा कोपरा माझ्यासमोर पुसून दाखवला. तपासणी छिद्राचे पुढचे वाचन डिसेंबरमध्ये आणि त्यानंतरचे पुढच्या जुलैमध्ये घ्यायचे आहे.